पत्रद्वारा घेतलेली साक्ष व तिची पारख

ऐतिहासिक साधनांची प्रतवारी लावतांना समकालीन अस्सल पत्र पहिल्या प्रतीचें आणि मागाहून स्मरणानें लिहिलेली हकीकत दुय्यम प्रतीची, हा दंडक कै. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला तेव्हांपासून महाराष्ट्रांत रूढ झाला आहे. बखरींकडे पाहण्याची आपली दृष्टि या दंडकानेंच बदलली. कृष्णाजी अनंत सभासद हा शिवछत्रपतींच्या पदरचा माहीतगार मनुष्य. तरीपण त्यानें आपली बखर महाराजांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांहून अधिक काळानें, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिली. म्हणून तिच्यांतील विधानें समकालीन कागदांशीं ताडून पाहिल्यावांचून आपण स्वीकारीत नाहीं.

परंतु या दोन वर्गांच्या मधोमध साधनांचा एक तिसरा वर्ग आहे, आणि त्याचा स्वतंत्र विचार व्हावा तितका झालेला नाहीं. एखादा प्रसिद्ध पुरुष किंवा स्त्री मृत्यु पावते. तिला तारुण्यांत ओळखणारें कोणी माणूस दूरच्या गांवीं अद्याप जिवंत असतें. मधल्या पंचवीस-तीस वर्षांत उभयतांची गांठभेट नाहीं कीं पत्रव्यवहार नाहीं. चरित्रकाराला त्या माणसाचा ठाव लागतो, तो टपालानें प्रश्न पाठवितो आणि टपालानेंच उत्तर येतें. या उत्तरास काय म्हणावयाचें? कागद अस्सल आहे, त्यावर मिति आहे, सही आहे, हस्ताक्षराविषयीं शंका नाहीं. मजकूर मात्र आठवणींतला आहे. कागदाच्या अस्सलपणाची छाया मजकुरावर पडते व आठवणीला दस्तऐवजाची प्रतिष्ठा नकळत प्राप्त होते. या वर्गांतील साधनाची पारख कशी करावी, हें एका सांगोपांग उदाहरणावरून ठरविण्याचें आम्हीं योजिलें आहे. असें उदाहरण अमेरिकेच्या इतिहासांत सांपडतें. आणि तेथें जी कसोटी हातीं येते ती आपल्या इकडील एका वादग्रस्त पत्रास लावून पाहतां येते.

(१) हर्नडनचा उद्योग

अमेरिकेचा अध्यक्ष अब्राहाम लिंकन याजवर १४ एप्रिल १८६५ रोजीं रात्रीं गोळी झाडण्यांत आली व दुसरे दिवशीं सकाळीं तो मरण पावला. इलिनॉय संस्थानांतील स्प्रिंगफील्ड शहरीं १८४४ पासून वकिलीच्या धंद्यांत त्याचा भागीदार असलेला विल्यम हर्नडन यानें पुढच्याच महिन्यांत आपल्या मित्राच्या पूर्वचरित्राची माहिती गोळा करण्यास आरंभ केला. अध्यक्ष झाल्यानंतरचा लिंकन सरकारी दप्तरांत जागोजाग सांपडत होता. परंतु १८०९ सालीं केंटकींत जन्मलेला, इंडियानाच्या रानांत वाढलेला, आणि १८३१ ते १८३७ या काळांत न्यू सेलेम नांवाच्या खेड्यांत दुकान, टपाल व मोजणीचें काम करून पोट भरणारा तरुण लिंकन कोणत्याच दप्तरांत नव्हता. तो होता केवळ माणसांच्या स्मरणांत. आणि न्यू सेलेम तर १८४० च्या सुमारास ओसाड पडून तेथील माणसें चहूंकडे पांगलीं होतीं.

हर्नडननें तीन मार्ग योजिले. पहिला, प्रत्यक्ष जाऊन जबानी घेणें. ८ सप्टेंबर १८६५ रोजीं त्यानें लिंकनच्या वृद्ध सावत्र आईची भेट घेऊन तिची हकीकत उतरून घेतली, ती याच मार्गानें. दुसरा, मध्यस्थाकरवीं विचारपूस करणें. त्याचे श्वशुर माइल्स हे न्यू सेलेमजवळच्या मुलखांत त्याच्यासाठीं लोकांना गांठीत. तिसरा, दूर गेलेल्यांस पत्रें लिहिणें. हाच मार्ग आमच्या विषयाचा आहे. हर्नडनचा हेतु शुद्ध होता. १८६६ सालीं हॉलंड नामक ग्रंथकारानें लिंकनचें जें चरित्र प्रसिद्ध केलें त्यांत लिंकन हा संतपुरुष झाला होता. हर्नडनला, आपण वीस वर्षें जवळून पाहिलेला मनुष्य, गुणदोषांसह, जगापुढें ठेवावयाचा होता. परंतु हेतु शुद्ध असला तरी प्रश्न विचारणारा वकील होता, आणि वकिलाच्या प्रश्नांत उत्तराचें अर्धें बीज असतें, हें आपण पुढें पाहूं.

या संग्रहाचा पुढील इतिहासहि ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. १८६९ सालीं हर्नडननें त्याच्या नकला वॉर्ड लॅमन यास विकल्या व त्यांवरून लॅमनच्या नांवानें १८७२ सालीं एक चरित्र निघालें. हर्नडनचें स्वतःचें, जेसी वीक याच्या सहाय्यानें सिद्ध झालेलें त्रिखंडात्मक चरित्र १८८९ सालीं प्रसिद्ध झालें. दोन वर्षांनीं, १८९१ सालीं, तो वारला. मूळ कागद १९४१ सालीं वॉशिंग्टन येथील काँग्रेसच्या ग्रंथालयांत दाखल झाले आणि विल्सन व डेव्हिस या संपादकांनीं १९९८ सालीं या साक्षींचा समग्र संग्रह छापून काढला. म्हणजे साक्षी घेतल्यापासून त्या विद्वानांसमोर पूर्णपणें येईपर्यंत एकशें तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. तोंवर वाचकांस त्या चरित्रकाराच्या निवडीतून व कात्रींतूनच पाहाव्या लागत होत्या.

(२) व्हिनयार्डबाईंचीं उत्तरें

मेरी ओवेन्स ही केंटकींतील एका सुखवस्तु गृहस्थाची सुशिक्षित कन्या. तिची बहीण न्यू सेलेमनजीक राहत असे. १८३३ सालीं मेरी तेथें कांहीं दिवस राहून गेली व १८३६ सालीं पुन्हां आली. या दुसऱ्या मुक्कामांत लिंकननें तिला मागणी घातली. विवाह झाला नाहीं. पुढें १८४१ सालीं तिचा विवाह जेसी व्हिनयार्ड यांच्याशीं झाला, आणि १८६६ सालीं हर्नडननें तिचा शोध लावला तेव्हां ती मिझुरी संस्थानांत वेस्टन या गांवीं वैधव्यांत राहत होती. लिंकनची व तिची ओळख १८३८ च्या आरंभीं सुटली ती कायमची, असें तिनेंच लिहिलें आहे. मध्यें अठ्ठावीस वर्षें गेलीं होतीं. आतां तिला ज्याच्याविषयीं विचारण्यांत येत होतें तो पुरुष यादवी युद्धांत विजयी झालेल्या पक्षाचा हुतात्मा होता, आणि तिचें मत त्या युद्धांत दक्षिणेच्या बाजूचें होतें.

हर्नडनच्या प्रश्नांना व्हिनयार्डबाईंनीं दिलेलीं तीन उत्तरें उपलब्ध आहेत: १ मे, २३ मे आणि २२ जुलै १८६६ चीं. तीं क्रमानें वाचलीं असतां दूरस्थ साक्षीचे बहुतेक सर्व गुणदोष एके ठिकाणीं दिसतात.

पहिल्या पत्रांत बाई सांगतात कीं, मनाशीं पुष्कळ झगडून अखेर लिंकनचीं आपल्याजवळ असलेलीं पत्रें पाठविण्याचें ठरविलें आहे, आणि हर्नडन हे सद्गृहस्थ असून दिलेला शब्द पाळतील या भरंवशावर तीं पाठवीत आहों. साक्ष देणारा उत्सुक नाहीं, संकोचानें देत आहे, हें येथें प्रथमच कळतें. ज्याला सांगण्याची हौस असते त्याची आठवण सांगतां सांगतां वाढते. ज्याला संकोच असतो तो निदान वाढवून सांगत नाहीं.

दुसऱ्या पत्रांत बाई थोड्या थट्टेनें, थोड्या त्राग्यानें म्हणतात कीं, तुम्ही अस्सल वकिली थाटाची उलटतपासणी चालविली आहे; सर्व प्रश्नांचीं तपशीलवार उत्तरें देण्यास मी नकार दिला तर क्षमा करावी, कारण इतकें तरी किती स्त्रियांनीं दिलें असतें? हर्नडनच्या कानांवर एक वार्ता आली होती कीं, अमुक एका प्रसंगीं बाईंनीं लिंकनला तोंडावर टोचून बोलून संबंध तोडला. ती अफवा आपणहि ऐकली आहे, परंतु ते शब्द आपण कधीं उच्चारले नाहींत, असें त्या निक्षून सांगतात. नंतर, न विचारतां, खरी गोष्ट कोणती तें त्या स्वतःच सांगतात: लग्नासाठीं उत्सुक असलेल्या बहिणीपाशीं आपण एकदां म्हणालों होतों खरें, कीं स्त्रीचें सुख ज्या बारीकसारीक गोष्टींनीं गुंफलेलें असतें त्या गोष्टी लिंकनमध्यें कमी आहेत. लगेच त्या पुस्ती जोडतात कीं, याचें कारण अंतःकरणाचा दोष नसून भिन्न संस्कार हें होय. नाकारलेलें विधान कोणतें, कबूल केलेलें कोणतें, तें कोणापाशीं केलें व त्याचा अर्थ काय, हें सर्व इतक्या स्वच्छपणें वेगळें करणारी साक्ष समकालीन दप्तरांतहि विरळा.

तिसरें पत्र सर्वांत मोलाचें आहे. बोलिंग ग्रीन या गृहस्थाची पत्नी कडेवर मूल घेऊन टेंकडी चढत असतां लिंकननें तिला हात दिला नाहीं, व म्हणून मेरीनें 'तुम्ही चांगले पति होणार नाहीं' असें त्याला सुनावलें, ही ती वार्ता. बाई येथें तिचें मूळच शोधून देतात. त्या लिहितात कीं, ही माहिती तुम्हांस माझ्या अमक्या भावाकडून मिळाली असावी. गेल्या हिंवाळ्यांत तो आमच्याकडे आला होता, लिंकनवरून माझी थट्टा करीत होता, त्यानेंच ही गोष्ट काढली. तो माझा संकटाचा काळ होता, माझें लक्ष नव्हतें, आणि मी न बोलतां ती जणूं मान्य केली असें आतां वाटतें.

या चार वाक्यांवर इतिहासाच्या विद्यार्थ्यानें थांबून विचार करावा. एक मनुष्य थट्टेनें एक गोष्ट सांगतो. ऐकणारी दुःखांत असल्यामुळें प्रतिवाद करीत नाहीं. सांगणारा तें मौन संमति समजून ती गोष्ट चरित्रकाराकडे पोंचवितो. चरित्रकार तिला साक्षात् त्या स्त्रीच्या तोंडची म्हणून टिपून ठेवतो. हर्नडननें पुन्हां टपालानें विचारलें नसतें तर 'खुद्द मेरीनें आपल्या आप्तापाशीं कबूल केलेलें' असा शिक्का मारून ही कथा कायम झाली असती. ऐकीव गोष्टीस पहिल्या प्रतीचा पुरावा कसा बनविला जातो, याचा इतका उघडा नमुना आमच्या पाहण्यांत नाहीं. दूरस्थ साक्षीचा मोठा लाभ येथेंच आहे. समोरासमोरच्या बोलण्यांत जो प्रश्न विचारला गेला व जें मौन पाळलें गेलें तें वाऱ्यावर जातें. पत्रांत प्रश्नाची खूण उत्तरांत उमटते आणि शंका आल्यास पुन्हां विचारतां येतें.

याच पत्रांत बाईंनीं आपण होऊन दोन आठवणी दिल्या आहेत. मंडळी घोड्यांवरून जात असतां एक अवघड ओहोळ लागला. इतर पुरुष आपापल्या सोबतिणींस जपून पार नेत होते. लिंकन मात्र मागें वळूनहि न पाहतां पुढें गेला. 'माझी मान मोडली असती तरी तुम्हांला पर्वा नव्हती' असें मेरी म्हणाली. त्यावर तो हंसून म्हणाला, तूं स्वतःला संभाळण्याइतकी हुशार आहेस हें मला ठाऊक होतें. दुसरी आठवण खुद्द लिंकननें तिला सांगितलेल्या प्रसंगाची. तो चांगले कपडे घालून माळावरून चालला असतां एक डुकराचें पोर चिखलांत रुतलेलें दिसलें. न पाहतां पुढें जावयाचें त्यानें ठरविलें. पण राहवेना, वळून पाहिलें, आणि त्या मुक्या जिवाची शेवटची आशा आपणच होतों असें वाटून तो खालीं उतरला व त्यानें त्याची सुटका केली. एकाच मनुष्याच्या या दोन गोष्टी एकाच साक्षीदारानें एकाच पत्रांत शेजारींशेजारीं लिहिल्या आहेत. ज्याला केवळ स्तुति करावयाची तो पहिली गाळील, ज्याला सूड घ्यावयाचा तो दुसरी गाळील. राजकारणांत पुढें आमचें मत उत्तर-दक्षिणेइतकें भिन्न झालें असें सांगूनहि या बाईनें दोन्ही ठेवल्या, हीच तिच्या साक्षीची शपथ होय.

(३) समकालीन पत्रांची कसोटी

प्रामाणिक साक्षीदाराचीहि आठवण चुकूं शकते. सुदैवानें येथें पडताळा आहे. लिंकनचीं १३ डिसेंबर १८३६, ७ मे १८३७ व १६ ऑगस्ट १८३७ या तारखांचीं तीन पत्रें बाईंनीं जपून ठेविलीं होतीं. मधल्या पत्रांत तो स्प्रिंगफील्डच्या कंटाळवाण्या जीवनाचें वर्णन करून, येथें तुला दारिद्र्यांत राहावें लागेल, नीट विचार कर, असें बजावतो. शेवटच्या पत्रांत निर्णय सर्वस्वीं तिच्यावर सोंपवितो. लिंकननें आपलें मन व हात आपल्या स्वाधीन केले होते व आपलाच जीव त्यांत पुरेसा गुंतला नाहीं, हें बाईंचें विधान या पत्रांशीं जुळतें. परंतु तीं पत्रें त्यांच्याजवळच होतीं, म्हणून हा पडताळा पूर्णपणें स्वतंत्र नव्हे. पेटींतल्या कागदांनीं आठवण ताजी ठेविली असेल.

स्वतंत्र पडताळा दुसरीकडून मिळतो. १ एप्रिल १८३८ रोजीं लिंकननें ब्राउनिंग नांवाच्या स्नेह्याच्या पत्नीस एक विनोदी पत्र लिहिलें. त्यांत नांव न घेतां एका स्त्रीची हकीकत आहे: दिलेला शब्द पाळावा म्हणून आपण तिला मागणी घातली, तिनें नकार दिला, पुन्हां विचारलें, पुन्हां नकार मिळाला, आणि आपल्या अहंकाराची पुरी नाचक्की झाली. पत्र वाचून ब्राउनिंग दांपत्यास ती निव्वळ रचलेली गंमत वाटली होती. हें पत्र १८७२ सालीं लॅमनच्या ग्रंथांत प्रथम छापलें गेलें. १८६६ सालीं लिहिणाऱ्या व्हिनयार्डबाईंसमोर तें नव्हतें. तेव्हां नकार स्त्रीनें दिला, हा साक्षीचा गाभा एका अगदीं वेगळ्या समकालीन कागदानें सिद्ध होतो.

याच ठिकाणीं आपल्या नेहमींच्या दंडकासहि एक पुरवणी जोडावी लागते. समकालीन पत्रांतला लिंकन तिच्या रूपाची क्रूर थट्टा करतो व मागणी केवळ कर्तव्य म्हणून घातली असें दाखवितो. आणि स्मरणांतला लिंकन, वर्षभरानें तिच्या बहिणीबरोबर निरोप पाठवितो कीं, येथें राहून माझ्याशीं लग्न केलें नाहीं ही त्या बाईची मोठी मूर्खता झाली. यांतला खरा कोणता? पत्र समकालीन आहे खरें. परंतु तें नकारानें दुखावलेल्या माणसानें, एक एप्रिलच्या थट्टेच्या दिवशीं, दुसऱ्या स्त्रीला हंसविण्यासाठीं लिहिलें आहे. घटना घडली कीं नाहीं हें समकालीन कागदास विचारावें. तिच्यामागील भाव काय होता हें विचारतांना समकालीन कागद आणि मागाहूनची आठवण या दोहोंसहि एकाच तराजूंत घालावें लागतें.

(४) पडताळा नसलेली साक्ष

आतां याच संग्रहांतील दुसरें प्रकरण पाहूं. न्यू सेलेममधील खाणावळवाल्याची कन्या अ‍ॅन रटलेज २५ ऑगस्ट १८३५ रोजीं वारली. तिचें व लिंकनचें लग्न ठरलें होतें आणि तिच्या मृत्यूनें तो वेडापिसा झाला, अशी कथा हर्नडननें १६ नोव्हेंबर १८६६ रोजीं स्प्रिंगफील्ड येथें व्याख्यान देऊन जाहीर केली. या कथेस लिंकनच्या हातची एकहि समकालीन ओळ नाहीं. आधार सारा आठवणींचा; त्यांत आयोवा संस्थानांत राहणाऱ्या अ‍ॅनच्या भावाचीं, रॉबर्ट रटलेज याचीं, पत्रें मुख्य.

हा भाऊ प्रामाणिक आहे. तो स्पष्ट लिहितो कीं, पुष्कळ विधानें स्मरणावर व प्रसंगांच्या साहचर्यावर आधारलेलीं आहेत; दुसरीकडून आलेल्या माहितीशीं विरोध दिसल्यास दोन्हीकडचा पुरावा तोलून अधिक संभवनीय दिसेल तें घ्यावें. इतकेंच नव्हे, तर जेथें अस्पष्ट असेल तेथें चरित्रकारानें विस्तार करावा व जादा असेल तें छाटावें अशीहि मोकळीक तो देतो. पहिल्या वाक्यावरून विश्वास वाढतो. दुसऱ्यावरून तो कमी होतो. कारण ज्या साक्षीचा विस्तार करण्याचा अधिकार साक्ष घेणारासच दिला, तिच्यांत साक्षीदाराचें किती व घेणाराचें किती हें छापील ग्रंथावरून कळणें अशक्य. उलट, अ‍ॅनचें ज्याच्याशीं पूर्वीं लग्न ठरलें होतें त्या मॅक्नामार यास माइल्समार्फत विचारलें असतां त्यानें मे १८६६ मध्यें कळविलें कीं, लिंकन अ‍ॅनला मागणी घालीत असल्याचें आपण कोणाच्या तोंडून ऐकलें नाहीं. परंतु त्या काळांत तो गांव सोडून पूर्वेकडे गेलेला होता. शिवाय अशी गोष्ट पूर्वीच्या वाग्दत्त वरास कोण सांगेल?

विद्वानांचीं मतें या पुराव्यावरून दोनदां फिरलीं. जेम्स रँडल यानें १९४५ सालीं सर्व साक्षींची छाननी करून ही कथा प्रमाणभूत इतिहासांतून जवळजवळ बाहेर काढली. पुढें १९९० सालीं जॉन सायमन व डग्लस विल्सन यांनीं मूळ साक्षी पुन्हां तपासून असें दाखविलें कीं, रँडलची कसोटी फौजदारी न्यायालयाची होती. तशी ती लावली तर लिंकनच्या सबंध पूर्वायुष्यांतलें फारच थोडें उरेल. प्रेम होतें हें पुष्कळांना आठवत होतें. तपशील मात्र प्रत्येकाचा वेगळा होता. आम्हांस हा मधला मार्ग ग्राह्य वाटतो. अनेक साक्षींतला समान गाभा घ्यावा, एकाच साक्षीतील रंगदार तपशील बाजूस ठेवावा. मात्र साक्षी खरोखर अनेक आहेत कीं एकीच्याच प्रतिध्वनी आहेत, हें आधीं पाहावें. मेरी ओवेन्सच्या कथेंत एका थट्टेखोर नातलगाची वार्ता दोन साक्षी झाल्या असत्या, हें विसरतां कामा नये.

(५) मार्टिनचें पत्र

ही कसोटी आतां आपल्या इकडील एका पत्रास लावून पाहूं. झांशींतील युरोपियनांची कत्तल ८ जून १८५७ रोजीं झाली. तींत महाराणी लक्ष्मीबाईसाहेबांचा हात होता कीं काय, हा प्रश्न तेव्हांपासून वादाचा आहे. कै. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनीं १८९४ सालीं प्रसिद्ध केलेल्या राणीसाहेबांच्या चरित्रांत मार्टिन नामक युरोपियन गृहस्थाचें २० ऑगस्ट १८८९ चें पत्र दिलें आहे. तें राणीसाहेबांचे दत्तक पुत्र दामोदरराव यांस लिहिलेलें आहे. त्याचा आशय असा: तुमच्या मातुश्रींवर घोर अन्याय झाला व त्यांची खरी बाजू माझ्याइतकी कोणास ठाऊक नाहीं, त्यांचा कत्तलीशीं कांहीं संबंध नव्हता, उलट किल्ल्यांत गेलेल्या युरोपियनांस त्यांनीं दोन दिवस अन्न पुरविलें, करेऱ्याहून शंभर बंदुकवाले आणवून मदतीस पाठविले, ते एक दिवस ठेवून संध्याकाळीं परत लावून देण्यांत आले, मग दतियाच्या राजाच्या आश्रयास जाण्याचा सल्ला दिला, तोहि मानला गेला नाहीं, आणि अखेर कंपनीच्याच लोकांनीं त्यांना मारलें.

हें पत्र आपल्याकडे राणीसाहेबांच्या निर्दोषत्वाचा निर्णायक पुरावा म्हणून वारंवार पुढें केलें जातें. परंतु तें घटनेनंतर बत्तीस वर्षांनीं लिहिलेलें आहे, आणि मातेच्या अपकीर्तीनें दुःखी झालेल्या पुत्राचें सांत्वन करण्यासाठीं लिहिलेलें आहे. किल्ल्यांतील बहुतेक सर्व युरोपियन मारले गेले. तेव्हां किल्ल्याच्या आंत काय घडलें हें सांगणारास 'हें तुम्हांस कसें कळलें?' असा प्रश्न, व्हिनयार्डबाईंनीं आपल्या भावाचें नांव घेऊन जसा वार्तेचा उगम दाखविला तसा उगम हातीं येईपर्यंत, विचारीत राहिलें पाहिजे.

सुदैवानें येथेंहि समकालीन पडताळा आहे, आणि तो खुद्द राणीसाहेबांचा. १२ व १४ जून १८५७ रोजीं त्यांनीं जबलपूरचा कमिशनर मेजर अर्स्किन यास दोन खलिते पाठविले. पहिल्यांत त्या लिहितात कीं, सरकारच्याच फौजेनें विश्वासघात करून सर्व युरोपियनांस मारलें. आपल्यापाशीं तोफा व शिपाई नव्हते, वाड्याच्या रक्षणापुरतीं शंभर-पन्नास माणसेंच होतीं, म्हणून आपणांस कांहीं मदत करतां आली नाहीं याचा खेद वाटतो. आतां दोन्ही कागद शेजारीं ठेवावे. मार्टिन म्हणतो, राणीसाहेबांनीं शंभर बंदुकवाले धाडले. राणीसाहेब म्हणतात, मदत करणें शक्य झालें नाहीं. आपला सद्भाव सिद्ध करण्याची त्यांना त्या घटकेस अत्यंत गरज होती. दिलेली मदत सांगावयाची राहून गेली असें मानणें कठीण. आपल्या बाजूचा साक्षीदार बत्तीस वर्षांनीं आपल्यासाठीं जितकें मागतो, तितकें राणीसाहेबांनीं स्वतः मागितलेलें नाहीं.

यावरून मार्टिन खोटें लिहितो असें आम्ही म्हणत नाहीं. राणीसाहेबांचें मौन वजनदार असलें तरी सर्वस्वीं निर्णायक नव्हे. बंडवाले नुकतेच शहरांतून निघाले असतां, कोठें कोणाच्या हातीं पडेल हें ठाऊक नसलेल्या खलित्यांत किती लिहावें याचाहि विचार त्यांनीं केला असेल. परंतु जेथपर्यंत दोन्ही कागद जुळतात तेथपर्यंतच आपलें पाऊल निर्भयपणें पडतें: कत्तल कंपनीच्या नोकरींतल्या लोकांनीं केली आणि राणीसाहेबांनीं ती करविली नाहीं. बंदुकवाले, अन्न व दतियाचा सल्ला हा भाग दुसरा स्वतंत्र कागद मिळेपर्यंत 'मार्टिनची आठवण' या सदराखालींच ठेवावा. असें केल्यानें राणीसाहेबांची बाजू लंगडी पडत नाहीं, उलट भक्कम होते. कारण अतिशयोक्तीच्या एका खांबावर उभारलेली निर्दोषता तो खांब कलला कीं सबंधच कोसळते.

(६) निष्कर्ष

वरील विवेचनावरून पत्रद्वारा मिळालेल्या साक्षीसंबंधानें पुढील नियम हातीं येतात. पत्राची तारीख ही आठवण लिहिल्याची तारीख होय, घटनेची नव्हे. साधनाचें वय घटनेपासून मोजावें. प्रश्नाशिवाय उत्तर अर्धेंच असतें. म्हणून प्रश्नाची नक्कल उत्तराइतक्याच काळजीनें जपावी. साक्षीदारानें जें नाकारलें व जें सांगण्याचें टाळलें त्याचीहि नोंद व्हावी. प्रत्येक विधानास 'हें पाहिलें कीं ऐकलें, आणि ऐकलें तर कोणापासून?' असें विचारावें. अनेक साक्षी एकाच मुखांतून निघालेल्या नाहींत याची खात्री करावी. जो साक्षीदार आपल्या आवडत्या माणसास त्या माणसानें स्वतः घेतलें त्याहून अधिक श्रेय देतो, त्याचा आदर करावा, पण त्याच्या शब्दावर थांबूं नये.

आणखी एक गोष्ट नियमांत बसत नाहीं, पण ती सर्वांहून जड आहे. व्हिनयार्डबाईंनीं हर्नडनच्या शब्दावर विसंबून आपल्या तारुण्यांतील खाजगी पत्रें हवालीं केलीं. तीं नकलांच्या व्यवहारांत दुसऱ्याच्या हातीं गेलीं आणि १८७२ सालीं, बाई हयात असतांना, बाजारांत आलीं. त्यानंतर पांच वर्षांनीं त्या वारल्या. इतिहासाचा लाभ झाला हें निर्विवाद. परंतु तो लाभ ज्याच्या संकोचावर पाय देऊन झाला त्याचें ऋण संशोधकानें मानलें पाहिजे. दूरच्या माणसाकडून त्याच्या मनांतलें अखेरचें ठेवणें मागून घेतांना आपण त्याला काय वचन देतों, हेंहि त्या पत्राबरोबर दप्तरांत राहिलें पाहिजे.

महाराष्ट्रांतील जुन्या घराण्यांच्या दप्तरांत, मोडी रुमालांच्या जोडीला, वडीलधाऱ्यांनीं परगांवच्या आप्तस्नेह्यांकडून मागविलेल्या आठवणींचीं पत्रें पुष्कळ आढळतात. तीं 'अलीकडचीं' म्हणून बाजूस टाकण्याची चाल आहे. ज्यांच्याजवळ अशीं पत्रें असतील त्यांनीं तीं लिफाफ्यासकट, टपालाच्या शिक्क्यासकट आणि मूळ विचारणेच्या नकलेसकट राखून ठेवावीं. आज दुय्यम वाटणारी आठवण उद्यां एखादा समकालीन कागद सांपडतांच पहिल्या प्रतीचा प्रत्यंतर पुरावा ठरते; पण त्यासाठीं ती त्या दिवसापर्यंत अखंड उरली पाहिजे.